कोना पोऱ्या शे रे तू? (परदेशात वाढणारी आपली मुलं)

बोरीकाठ
गावाहून परत येऊन आठ दिवस झाले. एक बॅग अजून तशीच पडली आहे, आत बिबड्यांचा (ज्वारीच्या पापडांचा) चुरा झालाय. हा धागा बरेच दिवस काढायचा होता, आज मुहूर्त लागला.

आम्ही सात वर्षांपासून नेदरलँड्समध्ये, आइंडहोव्हनला आहोत. माहेर-सासर दोन्ही पारोळा तालुक्यात. मुलगी बारा वर्षांची, मुलगा नऊ. इथे शाळेच्या दिवसांत सुट्टी मिळत नाही. विनापरवानगी मूल घरी ठेवलं तर दंड होतो. त्यामुळे आखाजी (अक्षय्य तृतीया) आमच्या नशिबात नाही. उन्हाळी सुट्टी सहा आठवड्यांची, तीही जुलै-ऑगस्टमध्ये, म्हणजे मुलांना खान्देश दिसतो तो फक्त चिखलातला. पण कानबाई, म्हणजे आमच्याकडचा श्रावणातला देवीचा सण, बहुतेक वर्षी सुट्टीत येते.

यंदा तीन गोष्टी घडल्या.

पहिली. मुलगा दुकानातून बिस्किटं आणायला एकटाच गेला. पारावरच्या म्हाताऱ्या बाबांनी विचारलं, "कोना पोऱ्या शे रे तू?" त्याने नाव सांगितलं. बाबा म्हणाले, "ते ऱ्हाऊ दे, कोना शे?" त्याने आडनावही सांगितलं. अर्ध्या गावाचं आडनाव तेच! सगळे हसले. घरी येऊन म्हणतो, "आई, मी कोणाचा आहे असं विचारतात. मी काय सायकल आहे का?" तेव्हा मीही हसले. रात्री आठवलं, इथेही त्याला लोक विचारतात, तू कुठला? तो म्हणतो, आइंडहोव्हनचा. मग पुढचा प्रश्न ठरलेला, नाही, पण मूळचा कुठला? दोन्हीकडे पोरगं खरं उत्तर देतं आणि दोन्हीकडे ते चालत नाही.

दुसरी गोष्ट जुनी आहे, पण गावाला गेल्यावर नव्याने टोचली. इथे मुलांनी एकमेकांकडे खेळायला जायचं तर आया आधी दिवस आणि वेळ ठरवतात. सहाला जेवण. जेवायची वेळ झाली की पाहुण्या पोराला घरी पाठवतात, त्यात कुणाला काही वाटत नाही. मुलगा सहा वर्षांचा असताना असाच परत आला होता. "त्यांनी ताटं मांडली आणि मला म्हणाले, उद्या भेटू." गावाला त्याच पोराने एका दिवसात तीन घरी जेवण केलं, कारण "जेवीसन जाय" म्हटल्यावर नाही कसं म्हणायचं ते त्याला ठाऊक नाही. चौथ्या घरी काकूने शेवभाजी वाढली तर सरळ म्हणाला, "मला हे नको, मला हे आवडत नाही." काकूचा चेहरा पडला. इथे शाळेत चार वर्षांच्या मुलालाही तुला काय वाटतं ते सांग म्हणतात, आणि त्याने तेच केलं.

तिसरी मात्र अवघड आहे. आमच्या भाऊबंदकीत कानबाईच्या रोटाचा (नैवेद्याचा) गहू घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावाने सव्वा मूठ मोजून घेतात. सासूबाई नावं घेत होत्या, मुलगी बाजूला बसून मोजत होती. धाकट्या भावाचं नाव आलं, चुलत भावाच्या चार महिन्यांच्या बाळाचंही आलं. तिने विचारलं, "आजी, माझी मूठ?" आजी म्हणाल्या, "तुन्ही मूठ तुन्हा सासरले." त्यांच्या मनात काही नव्हतं हो. पण पोरगी उठून माडीवर गेली ती जेवायलाच खाली आली.

माडीवर मला विचारते, "मग मी इथे कोण आहे?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. तिच्या वयाची असताना मला हा प्रश्न पडलाच नव्हता, याचंच जास्त वाईट वाटलं.

तुम्ही काय करता? अनुभव सांगा. संस्कार वर्गाच्या लिंका कृपया नकोत.

खडा_मसाला
राग येऊ देऊ नका, पण स्पष्ट बोलतो. ताटात वाढलेलं नको म्हणणं हा संस्कृतीतला फरक नाही, वळणाचा प्रश्न आहे. आमच्या पिढीने जे वाढलं ते खाल्लं. रोटाच्या विधीवर बारा वर्षांची मुलगी प्रश्न विचारते आणि आपण लगेच हळवे होतो. नियम कळले नाहीत तर मुळं कशी धरणार?

उधना_मेमू
मसालाभाऊ, जे वाढलं ते खाल्लं, कारण दुसरं काही नव्हतंच 😀

बोरीकाठताई, मी परदेशात राहिलो नाही. सुरतेत वाढलो. वडील साडीच्या कारखान्यात, घर लिंबायतमध्ये. आमची गल्ली म्हणजे निम्मा धुळे-नंदुरबार जिल्हाच. घरात अहिराणी, शाळेत गुजराती, टीव्हीवर हिंदी. गावाला गेलो की "सुरती उना" (सुरतवाला आला) म्हणून चिडवायचे. सुरतेत काही विचारायची सोय नव्हती, "मराठी" हीच शिवी होती. खान्देशातून लोक पोटासाठी बाहेर जाताहेत ते काल-परवापासून नाही. विमान आता आलं, आधी सुरत-भुसावळ लाइन होती. नवापूर स्टेशनवर अर्धा प्लॅटफॉर्म महाराष्ट्रात आणि अर्धा गुजरातमध्ये आहे. लहानपणी मी त्या हद्दीवर दोन बाजूंना दोन पाय ठेवून उभा राहायचो. फोटोसाठी नाही, उगाच. बरं वाटायचं.

सल्ला असा काही नाही. फक्त एक लक्षात आहे. वडिलांनी कधी "आपण मूळचे तिकडचे" असं भाषण दिलं नाही. रात्रपाळीहून आले की आईशी अहिराणीत भांडायचे. भाषा मला तिथूनच आली.

मृगबाग
मी आजोबांच्या बाजूने लिहितो. वय ७१, यावल तालुका, केळीचा शेतकरी. टायपिंग सुनेने शिकवले, चुका होतील.

मुलगा कॅनडात, नात आठ वर्षांची. आमच्याकडे अहिराणी नाही, लेवा बोली. पूर्वी दर रविवारी व्हिडिओवर बोलणे व्हायचे. "आजोबा नमस्कार", "काय जेवलीस", "अभ्यास कर", झाले. ती तिकडे खेळण्याकडे बघायची, मी इकडे तिच्या केसांकडे. दहा मिनिटे संपता संपत नसत.

मागच्या मृगबागेच्या (पावसाळ्याच्या सुरुवातीला लावतात ती केळी) लागवडीला मी फोन शेतात घेऊन गेलो. एक झाड तिच्या नावाने लावले. सूनबाईच्या नाही, मुलाच्या नाही, तिच्याच. मग ती स्वतः विचारू लागली, पाने किती झाली, पील (बुडाशी फुटणारा नवा कोंब) निघाले का. घड निसवला (झाडातून बाहेर पडला) तेव्हा ती शाळेत होती, मी व्हिडिओ करून पाठवला. तिला "निसवणे" हा शब्द येतो. तिच्या बापाला आठवत नव्हता.

त्यानंतरच्या जूनमध्ये वादळ आले आणि बागेतली शंभरेक झाडे आडवी झाली, त्यात तिचेही. सांगू की नको, दोन दिवस विचार केला. शेवटी सांगितले. ती रडली नाही. विचारले, "मग पैसे कोण देणार?" मी तिला पीकविमा समजावून सांगितला. तेवढा मराठी संवाद आमचा आधी कधीच झाला नव्हता.

रोटाबद्दल. ताई, सासूबाईंना दोष देऊ नका. पण नियम कुणीतरी केले म्हणूनच आहेत. एवढेच.

बोरीकाठ
आप्पा, तुमचा प्रतिसाद नवऱ्याला मोठ्याने वाचून दाखवला. तो "निसवणे"वर अडला. पारोळ्याकडे केळी कमी, आमचा सगळा कापूस!

शारजावाला
आखाती देशांचं गणित थोडं वेगळं आहे, म्हणून लिहितो. इथे कुणी कायमचं राहणारच नाही. बापाची नोकरी तोवर व्हिसा. मुलं इथेच जन्मतात, इथेच बारावी करतात, पण "तू इथलाच का" असं कुणी विचारत नाही, कारण उत्तर सगळ्यांना माहीत असतं. माझ्या मुलाच्या वर्गात मल्याळी, तमिळ आणि लखनऊची पोरं. सीबीएसईची शाळा, अरबी विषय सक्तीचा. बिल्डिंगमध्ये पाकिस्तानी शेजारी. त्याची हिंदी-उर्दू माझ्यापेक्षा शुद्ध आहे. मागे धुळ्याला गेलो तर आत्याला म्हणाला, "तशरीफ रखिए." आत्या घाबरूनच बसली.

त्याला अहिराणी कळते, पण बोलत नाही. कारण सांगितलं ते ऐकून मी गप्प झालो. इथल्या मराठी कार्यक्रमात तो एकदा "माले पानी दे" म्हणाला होता, तर एका बाईंनी हसत दुरुस्त केलं, "मला पाणी द्या म्हणायचं, राजा." त्यांचा हेतू चांगलाच होता. पण पोराने त्या दिवसापासून ते दार लावलं. बाहेरच्या देशात मराठी टिकवायची म्हणजे कुठली मराठी, हे कुणी विचारतच नाही.

वहिनीसाहेब_जळगाव
+१. हे इथे जळगावातसुद्धा होतं. इंग्रजी शाळेत मुलाखतीला जाताना पोराला "घरचं बोलू नको" म्हणून बजावणारे आईबाप मी पाहिलेत. परदेशाला कशाला बोल लावायचा?

एक_ते_सहा
बरेच दिवस वाचनमात्र होतो. आता मी २७ वर्षांचा आहे. माझं लिखित मराठी थोडं जड आहे, सांभाळून घ्या.

पाच वर्षांचा असताना आम्ही जर्मनीत गेलो, श्टुटगार्टजवळ. तेरा वर्षांचा असताना आजोबांच्या आजारपणामुळे जळगावला परत आलो, आठवीत. मग शिक्षण झाल्यावर मी पुन्हा जर्मनीत. म्हणजे ही दिशा मी दोन्हीकडून चाललो आहे.

तिकडे गेल्यावर बाईंनी आईला बोलावून सांगितलं की मुलगा वर्गात बोलत नाही, डोळ्यांत बघत नाही, काही अडचण आहे का? अडचण काहीच नव्हती. मोठं माणूस बोलत असताना खाली बघायचं हे मला घरी शिकवलं होतं. जर्मन शाळेत वर्गात हात वर करून बोलण्याचे गुण असतात, आणि ते निकालात धरले जातात. पेपरात चांगला असूनही मी मागे पडायचो. दोन वर्षं लागली तोंड उघडायला.

मग जळगाव. पहिल्याच आठवड्यात एका सरांनी फळ्यावर एक उत्तर लिहिलं, ते चुकीचं होतं. मी हात वर केला आणि सांगितलं. जे तिकडे मरमरून शिकलो होतो तेच केलं. सरांनी वर्गाबाहेर उभं केलं. वर्ग माझ्याकडे कौतुकाने बघत होता आणि मला समजतच नव्हतं की मी पराक्रम केलाय की गुन्हा.

गुणांची गंमत सांगतो. जर्मनीत १ म्हणजे सर्वात उत्तम आणि ६ म्हणजे सर्वात वाईट. पहिल्या प्रगतिपुस्तकाचा फोटो बाबांनी आजोबांना पाठवला. गणित १, चित्रकला ३. आजोबांनी फोन करून विचारलं, "चित्रकलेत हुशार दिसतो, पण गणिताची शिकवणी लावता येईल का?" माझं टोपणनाव तिथून आलं.

बोरीकाठताई, तुम्ही विचारता काय करू. माझ्या आईबाबांनी एक चूक केली असं मला वाटतं, आणि ती प्रेमापोटी केली. प्रत्येक वेळी ते म्हणायचे, "आपल्याकडे असं नसतं." जर्मनीत म्हणायचे, आपल्याकडे असं नसतं. जळगावला आल्यावर आई चुकून म्हणाली, "आपल्याकडे कचरा असा टाकत नाहीत." ती कुठल्या "आपल्याकडे"बद्दल बोलत होती? तिलाही माहीत नव्हतं. मुलांचा गोंधळ झाला म्हणतात, पण घरात गोंधळलेले आम्ही तिघंही होतो. फक्त तो मोजायचे माझ्यावरून.

कुणी एकदा जरी म्हटलं असतं, "मलाही इथलं हे कळत नाही, चल विचारू", तर मला हलकं वाटलं असतं.

तुमच्या मुलीच्या प्रश्नाबद्दल मी काही सांगू शकत नाही. माझी मूठ न मागता मोजली जायची.

खडा_मसाला
शेवटच्या ओळीला दाद देतो. बाकी मतभेद कायम.

वाचनखूण
थोडं अवांतर. अशा मुलांसाठी "थर्ड कल्चर किड" हा शब्द वापरतात. एक घरची संस्कृती, दुसरी राहत्या देशाची, आणि या दोन्हींमध्ये अशी माणसं आपसात जी बनवतात ती तिसरी. हा शब्द समाजशास्त्रज्ञ जॉन आणि रूथ हिल यूसीम या अमेरिकन दांपत्याचा, १९५० च्या दशकातला. मजा म्हणजे तो सुचला भारतात! इथे नोकरीनिमित्त राहणाऱ्या अमेरिकन कुटुंबांचा ते अभ्यास करत होते. म्हणजे तेव्हा आपण "परदेश" होतो आणि त्यांची पोरं गोंधळलेली.

भुसावळ_क्वार्टर
वाचनखूण, मग आम्ही रेल्वे कॉलनीतली मुलंही तीच. वडिलांची बदली झाली की शाळा बदलायची. एका ओळीत तेलुगू ड्रायव्हर, बंगाली गार्ड, अँग्लो-इंडियन फोरमन आणि आम्ही. ख्रिसमसला केक आणि संक्रांतीला तिळगुळाचे डबे एकाच जाळीच्या दारातून फिरायचे. पण आम्हाला कुणी "मूळचा कुठला" विचारलं की सांगायचो, भुसावळचा. आणि ते चालायचं, कारण गावच मुळी येणाऱ्या-जाणाऱ्यांचं. सगळ्याच मुलांना असं गाव मिळत नाही, एवढंच म्हणतो.

बोरीकाठ
सगळ्यांचे आभार. एक_ते_सहा, तुमचा प्रतिसाद मुलीला वाचून दाखवला. गणिताच्या १ वर ती खूप हसली. "आपल्याकडे"वर हसली नाही, माझ्याकडे बघितलं.

एक राहून गेलं होतं, ते लिहिते. मुलीच्या वर्गात एक मैत्रीण आहे, सुरिनामी. सुरिनाम म्हणजे दक्षिण अमेरिकेतली जुनी डच वसाहत. १८७३ मध्ये लाला रूख जहाजातून मजूर म्हणून उत्तर प्रदेश-बिहारकडची माणसं सुरिनामला नेली, पुढेही अनेक जहाजं गेली. त्यांच्यापैकी कुणाची तरी ती खापरपणती. १९७५ मध्ये सुरिनाम स्वतंत्र झालं त्या सुमारास पुष्कळ लोक नेदरलँड्सला आले, तिचे आजी-आजोबा त्यातले. एकदा आमच्याकडे आली होती. मी भाकरी थापत होते, तर ओट्याजवळ उभी राहून बघत राहिली. म्हणाली, आमची आजी रोटी करते तेव्हा असाच आवाज येतो. तिची आजी सरनामी (सुरिनाममधल्या भारतीयांची हिंदुस्तानी बोली) बोलते. मूळ गाव कोणतं हे घरात कुणालाच माहीत नाही. मुलीने विचारलं, मग तुला "मूळची कुठली" असं विचारल्यावर काय सांगतेस? ती म्हणाली, "आजीची." बस, एवढंच, आणि दोघी वर खेळायला गेल्या. त्या दिवशी तिला सहाला घरी पाठवलं नाही. तिच्या आईला फोन करून विचारलं, तीही म्हणाली, जेवू दे हो.

रोटाचं सांगते. मी सासूबाईंशी बोलले. आठ दिवस हिंमत होत नव्हती. फोनवर आधी पाऊस, कपाशी, मग गुडघे, मग विषय काढला. त्या बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "मन्ही मूठ बी कोनी मोजी नव्हती." पुढे काही नाही. पुढच्या वर्षी मोजतील असंही म्हणाल्या नाहीत, आणि मीही विचारलं नाही. पण मग म्हणाल्या, "तिले फोनवर दे." दोघी काय बोलल्या ते मला माहीत नाही. दार लावून बोलल्या. अर्धा तास.

शारजावाला
अर्धा तास! कुठल्या भाषेत?

बोरीकाठ
दाराआडून फक्त एवढं ऐकू आलं की मुलगी दर दोन मिनिटांनी "काय? काय?" विचारत होती आणि आजी तेच पुन्हा मोठ्याने सांगत होत्या.

मुलाचं वेगळंच चाललंय. त्याला मी पारावरच्या प्रश्नाचं उत्तर शिकवलं, "मी नानाना नातू शे." त्याने पाठ केलं. मग विचारलं, "पण नाना कोणाचे?" मला सासऱ्यांच्या वडिलांचं नाव नवऱ्याला विचारावं लागलं. नवऱ्याला त्यांच्या पुढचं माहीत नव्हतं. आता दोघांनी मिळून भिंतीवर कागद लावलाय. त्यावर सहा नावं झाली आहेत. सगळी पुरुषांची, हे मुलीने लगेच दाखवून दिलं आणि बाजूला दुसरा कागद चिकटवला. त्यावर सध्या तीनच नावं आहेत. माझ्या आजीचं नाव मला आठवेना. आम्ही तिला माय म्हणायचो. उद्या आईला विचारते.

मृगबाग
माहेरचे नावही विचारा. लग्नात बदललेले असण्याची शक्यता आहे.

वहिनीसाहेब_जळगाव
आप्पांनी बरोब्बर सांगितलं. माझ्या आजीला सासरी जे नाव दिलं तेच सगळ्यांना माहीत होतं. तिचं मूळ नाव आम्हाला तिच्या भावाने सांगितलं, तेही तिच्या दशक्रियेला.

उधना_मेमू
ताई, अवांतर: आइंडहोव्हनला कळण्याची भाकरी कशी जमवता? ज्वारीचं पीठ मिळतं, पण उडीद घालून दळून कोण देतं?

बोरीकाठ
कोणी देत नाही. ज्वारीचं पीठ भारतीय दुकानातून आणायचं आणि अख्खे काळे उडीद मिक्सरमध्ये जमतील तेवढे बारीक करून चाळून त्यात मिसळायचे, मीठ घालून. जात्यावरची चव नाही. मिक्सर तापतो, थांबत थांबत करा. मुलगा म्हणतो, भाकरी भारतातल्यासारखी लागत नाही. तिथे असताना काकूंकडे म्हणाला होता, आईसारखी लागत नाही.